वाईट महिना कोणता?

मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, नवऱ्याच्या कंपनीला तो कुठे बसून काम करतो याच्याशी घेणंदेणं उरलं नाही आणि मुलगा बंगळुरूला गेला. डोंबिवलीत राहायला आता सवयीपलीकडे कारण उरलेलं नाही, हे दिवाळीच्या फराळावर बसल्या बसल्या दोघांच्याही लक्षात आलं. मग ठरलं, नऊ दिवस गाडी काढायची आणि मनात असलेली गावं बघून यायची. नवऱ्याने वही केली. तिच्यात रकाने: पाणी, वीज, इंटरनेट, हॉस्पिटल, भाव. माझे रकाने डोक्यातच होते. पहाटे साडेपाचला तिथे एकटीने पळता येतं का? रस्त्यावर दिवे आहेत का? कुत्री किती? आणि वाटेत बाथरूम कुठे? शेवटचा प्रश्न ऐकून पुरुष हसतात. पळणाऱ्या बायका हसत नाहीत.

मी सत्तेचाळीस वर्षांची. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईत माझी दुसरी फुल मॅरेथॉन. त्यामुळे सहल असो की घरशोध, सराव चुकवायचा नव्हता.

पहिला दिवस, रविवार: मुंबई

डोंबिवलीकराला लांब पळायचं तर आधी लांब जावं लागतं. घराजवळ पळायला एमआयडीसीतले रस्ते. तिथे वारा फिरला की नाकाला रुमाल, आणि फुटपाथ म्हणजे दोन झाकणांच्या मधली जागा. म्हणून महिन्यातून दोन रविवार पहाटे चारच्या सुमाराची लोकल धरायची. त्या गाडीत फुलं घेऊन दादरला निघालेल्या बायका असतात, रात्रपाळी करून परतणारे डबा उशाला घेऊन झोपलेले असतात, आणि आमच्यासारखे चारपाच भडक रंगांच्या बुटांचे वेडे.

सीएसएमटीला उतरून मरीन ड्राइव्हला पोचले तेव्हा साडेपाचही वाजले नव्हते आणि जत्रा भरली होती. मुंबईला पहिला गुण मी इथेच देते. अंधारात एकटी बाई पळते आहे, आणि तिच्याकडे कुणी मान वळवूनही बघत नाही. स्टेशनवर, पेट्रोल पंपावर, सुलभमध्ये त्या वेळीही सोय असते. कुणीतरी टेबल मांडून पाणी, मीठ लावलेली संत्री, चिक्की वाटत असतो. तुम्ही त्याच्या ग्रुपचे नाही, हे दिसत असूनही देतो.

आज २८ किलोमीटर होते. चौपाटी, पेडर रोड, हाजी अली, वरळी आणि परत. परतीचा पेडर रोड मुद्दाम घेतला, कारण शर्यतीत तो पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो. नकाशावर हा चढ नगण्य दिसतो. पस्तिसाव्या किलोमीटरला काहीच नगण्य नसतं. वरळीला समोरच्या इमारती धुरकट पिवळ्या दिसत होत्या. डिसेंबरात इथला समुद्राचा वारा मंदावतो, बांधकामांची आणि गाड्यांची धूळ शहरावर बसून राहते, आणि मुंबईत पळायला जो एकच बरा काळ असतो नेमका त्यातच छाती घरघरते.

नऊला संपवलं आणि मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत गाडी पकडली. पळायला सव्वातीन तास आणि त्यासाठी जायला-यायला तीन तास. मुंबईत राहून पळण्याचा हिशोब एवढाच आहे. समुद्राजवळ घर परवडलं असतं तर हा लेख लिहिलाच नसता.

दुसरा दिवस, सोमवार: पुण्याकडे

पाय दगड झाले होते, त्यामुळे सक्तीची विश्रांती. एक्स्प्रेस वे सुरळीत पार पडला, पण पुण्यात शिरल्यावर कोथरूडला नणंदेकडे पोचायला जो वेळ लागला त्यात मी १० किलोमीटर पळले असते. नवऱ्याने वहीत ‘रहदारी’ हा नवा रकाना आखला.

तिसरा दिवस, मंगळवार: टेकडी

नणंद रोज वेताळ टेकडीवर जाते. “उजाडल्याशिवाय निघायचं नाही,” तिने रात्रीच बजावलं होतं. टेकड्यांवर अंधारात लुटालुटीचे प्रकार झालेले आहेत, त्यामुळे तिथल्या बायका सूर्याबरोबर निघतात. मला हे जड गेलं. साडेपाचला डोळे उघडलेले, आणि बूट घालून पावणेसातपर्यंत सोफ्यावर!

पण वर गेल्यावर सगळं माफ. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने चढलो. डांबर संपलं, माती लागली, आणि गुडघ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मुंबईत वर्षभर डांबर आणि पेव्हर ब्लॉकवर आपटणाऱ्या पायांना मातीचं सुख काय ते कळतं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, टेकडीचा माथा आठशेच्या आसपास. हवा कोरडी, पारा बारातेरावर. घाम येतो आणि उडून जातो. एरवी ज्या वेगाला माझं घड्याळ दीडशे ठोके दाखवतं, त्याच वेगाला इथे एकशे अडतीस. म्हणजे मी एका रात्रीत सुधारले नव्हते, फक्त घाम सुकत होता. दमट हवेत घाम नुसता निथळतो, अंग काही थंड होत नाही, आणि हृदय बिचारं दुप्पट राबतं.

खाणीच्या कडेला मोर ओरडत होते. वर भेटणारा प्रत्येक माणूस टेकडीचा मालक असल्यासारखा वागतो, आणि एका अर्थाने तो मालक आहेच. टेकडीच्या अंगाने रस्ता काढायचा की नाही हा वाद इथे वर्षानुवर्षं चालू आहे, आणि तो अशाच रोज चढणाऱ्या लोकांनी जिवंत ठेवला आहे. एका आजोबांनी आम्हाला थांबवून बुटांची नाडी कशी बांधावी ते सांगितलं. विचारलं कुणी नव्हतं.

उतरताना मी नणंदेला म्हटलं, “काय गं मस्त आहे तुमच्याकडे! इथेच येतो आम्ही.”

“डिसेंबरात कुठलंही गाव मस्तच असतं, वहिनी,” ती म्हणाली. “मे महिन्यात येऊन बघ. टेकडीवर सावलीला झाड शोधशील. आणि तुम्हाला परवडतील ते फ्लॅट टेकडीपाशी नाहीत, टँकरपाशी आहेत.”

टोमणा होता, पण खरा होता. दिवसभर जे चार फ्लॅट बघितले ते सगळे शहराच्या कडेला. तिथून टेकडीला यायचं तर मरीन ड्राइव्हचीच गत, फक्त लोकलऐवजी स्वतःची गाडी. एका सोसायटीच्या दारात टँकर पाइप लावून उभा होता, आणि दाखवणारा मुलगा त्याच्याकडे पाठ करून क्लब हाउसबद्दल बोलत होता. रात्री नवऱ्याने वहीत पुन्हा रेघ मारली. रकान्याचं नाव: ‘वाईट महिना’. पुण्यापुढे ‘मे’ आणि मुंबईपुढे ‘बारा’ लिहिलं. मुंबईला एवढं वाईट म्हणायची गरज नव्हती, असं मला वाटलं.

चौथा दिवस, बुधवार: साताऱ्याला

खंबाटकी ओलांडली की पुण्याचा धसका उतरतो. दुपारी साताऱ्यात दोन घरं बघितली. एक समर्थ मंदिराच्या अलीकडे, वरचा मजला. खिडकीत अजिंक्यतारा उभा, आणि भाडं ऐकून नवऱ्याने दोनदा विचारलं. संध्याकाळी मंडईतून फिरलो, कंदी पेढे घेतले. नऊला रस्ते ओस.

पाचवा दिवस, गुरुवार: यवतेश्वरचा घाट

पळणाऱ्यांसाठी या घाटाचं नाव मोठं आहे. २०१२ पासून इथे सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते. साधारण अर्धं अंतर चढ, अर्धं उतार. मी ती कधी पळले नव्हते, म्हणून तोच रस्ता धरला. पावणेसहाला निघाले तेव्हा थंडीने बोटं वाकत नव्हती. दिवे गावाच्या कडेला संपले. पुढे काळोख, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा. पहिले तीन किलोमीटर नवरा मागून गाडीच्या उजेडात मला हाकत होता. हे रोज कसं जमणार, असं मनात आलंच. एकटीने या अंधारात मी गेले नसते, हे इथेच लिहून ठेवते.

चौथ्या किलोमीटरला मागून शिट्टी ऐकू आली आणि पाठोपाठ पावलं. दहाबारा मुली, एकाच रंगाचे टीशर्ट, कुणाच्या पायात चांगले बूट, कुणाच्या पायात शाळेचे कॅनव्हासचे. मागे मोटरसायकलवर सर. अकॅडमीच्या मुली, पोलीस भरतीच्या तयारीतल्या. एक जण माझ्या बरोबरीने आली आणि वेग कमी न करता बोलायला लागली. मला तर धापेमुळे ‘हो’ सुद्धा पुरता म्हणता येत नव्हता.

“काकू, तुम्ही कुठल्या भरतीच्या?”

“मुंबई… मॅरेथॉन.”

“त्यात नोकरी लागती का?”

“नाही गं.”

“मग पैसं देत्यात?”

“आपणच… भरायचे.”

तिने दोन पावलं विचार केला. “किती पळायचं असतं?”

“बेचाळीस किलोमीटर.”

“आमचं आठशे मीटर. मला दहा सेकंद कमी करायचेत,” ती म्हणाली, आणि ते दहा सेकंद तिथेच कमी करायचे असल्यासारखी वळणावर दिसेनाशी झाली. मी आधी हसले. मग बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत चढत राहिले. तिच्या अख्ख्या तयारीचा खर्च त्या बुटांत निघाला असता.

साताऱ्यातलं पळणं हे असं आहे. आम्ही शहरात वजन, साखर, छंद म्हणून पळतो. इथे मुली पळतात त्या पगारासाठी. याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. माण म्हणजे दुष्काळाचा मुलूख. मी ज्या घाटात पळत होते तिथला पाऊस आणि माणचा पाऊस, दोन्ही एकाच जिल्ह्यातले आहेत हे सांगून पटू नये. चांगली हवा, मऊ माती, निसर्गरम्य रस्ता, असं आमचं जे चालतं त्याचा आणि पळण्याचा संबंध जेवढा वाटतो तेवढा नसावा.

उजाडलं तेव्हा वर पठाराशी होते. खाली कण्हेर धरणाच्या पाण्यावर धुकं, मागे गावातले दिवे एकेक विझत होते. उतरताना मांड्यांनी जाब विचारला. चढ फुप्फुसांचा, उतार मांड्यांचा. पण पेडर रोडची भीती मोडायला याच्याइतका चांगला मास्तर नाही.

चहाच्या टपरीवर नवरा वाट बघत होता. त्याने चहावाल्याला आमचा नेहमीचा प्रश्न विचारून ठेवला होता: वाईट महिना कोणता?

“जुलै,” चहावाला म्हणाला. “जून, ऑगस्ट बी धरा. वर धुकं असं पडतंय की हेडलाइट लावून बी पुढचं दिसत न्हाई. कपडे चार-चार दिवस वाळत न्हाईत. आठ दिवस हौस वाटती, मग माणूस चिडतंय.” जरा थांबून म्हणाला, “सप्टेंबरात फुलं बघायला सगळी येत्यात. जुलैत कोण येतंय?”

राहण्याचं म्हणाल तर नवऱ्याच्या वहीत साताऱ्याला पाणी, भाव, शांतता यांत चांगले गुण पडले. हॉस्पिटलपुढे ‘अवघड दुखणं निघालं तर पुणे’ असं लिहिलं होतं. आमच्या वयाला हा रकाना पळण्याच्या रकान्यापेक्षा मोठा आहे, हे मला मान्य करावं लागलं.

सहावा दिवस, शुक्रवार: कोल्हापूरकडे

कऱ्हाडच्या पुढे रस्तारुंदीकरण, वळणं, धूळ. आणि उसाचे ट्रॅक्टर. एकामागे दोन ट्रॉल्या, वर मोळ्यांचा डोंगर, मागे दिवा नाही, पुढे गाण्यांचा भोंगा. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात. या रस्त्याच्या कडेने पळायचं नाही हे गाडीत बसूनच ठरवलं.

नवऱ्याचे मामा गंगावेशीजवळ राहतात. जेवायला तांबडा, पांढरा आणि आग्रह. “सूनबाई, पळून पळून काय उरलंय अंगावर? वाढ गं तिला,” असं मामा म्हणेपर्यंत ताटात वाटी आलेली होती.

सातवा दिवस, शनिवार: रंकाळा

पहाटे बूट घालताना मामी उठल्या. “थांब, मी पण येतो की.” मामी अस्सल कोल्हापूरच्या, त्यामुळे ‘येतो’च. नऊवारी नव्हे, पण साडी, पायात नातवाचे जुने बूट आणि डोक्याला स्कार्फ. म्हणाल्या, “तू पळ, मी उलट्या बाजूनं चालतो. मधी कुठंतरी गाठ पडंलच.”

रंकाळ्याला माणसं पुष्कळ आणि सगळी एकमेकांच्या ओळखीची. संध्यामठाजवळ पाण्यावर वाफ, पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा. तलावाभोवती पळणं सपाट, सोपं. दुसऱ्या फेरीपर्यंत अर्ध्या रंकाळ्याला मी कोण, कुणाकडे आले, हे कळलेलं होतं, कारण उलट्या बाजूने येणाऱ्या मामी प्रत्येकाला सांगत येत होत्या. “ती बघा, आमची सून. मुंबईत बेचाळीस किलोमीटर पळती.” एका माणसाने चालता चालता टाळी वाजवली. मुंबईत माझ्याकडे कुणी बघत नाही याचं मला कौतुक होतं. इथे सगळे बघत होते, आणि तेही वाईट वाटलं नाही. रोज आवडेल का, ते सांगता येत नाही. एक दिवस पळायला गेले नाही तर चार घरांतून विचारणा होईल.

परतताना गंगावेशीच्या कट्ट्यावर थांबलो. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, समोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. कोमट, जड, वरच्या फेसाची मिशी उमटते. दहा किलोमीटरनंतर यापुढे कुठलंही महागडं पावडरचं पेय फिकं.

मामांना वाईट महिना विचारला तर त्यांनी उठून दाराच्या चौकटीपाशी नेलं. “२०१९ ला पाणी गल्लीच्या तोंडाला. २०२१ ला ही पायरी.” पावसाळ्यात इथे घड्याळाबरोबर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. नवऱ्याला सकाळी एजंटने स्वस्तात एक बंगला दाखवला होता. मामांनी पत्ता ऐकला, काही बोलले नाहीत, फक्त हात छातीपाशी धरून पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं.

दुपारी आजरामार्गे आंबोली. घाट उतरून सावंतवाडीला गाडीची काच खाली केली आणि गरम ओला टॉवेल तोंडावर पडावा तशी हवा आत आली.

आठवा दिवस, रविवार: गोवा

बँकेतली मैत्रीण रायबंदरला राहते. आज ३० किलोमीटर ठरलेले. सव्वापाचला निघाले आणि पहिल्याच वळणावर सहा कुत्री. अशा वेळी पळायचं नसतं. थांबायचं, तोंड त्यांच्याकडे ठेवायचं, वाकून दगड उचलल्यासारखं करायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. दगड असायलाच हवा असं नाही. एवढं करून ती गेली, पण ठोके जे वर चढले ते खाली आलेच नाहीत.

जुन्या गोव्यापर्यंत जाऊन परतले, मग पणजीचा जुना सेतुमार्ग. पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेला, तीन किलोमीटरहून लांब, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. बगळे स्थिर उभे. सरळसोट, सपाट, पळायला देखणा रस्ता. मागून ‘पोंऽ पोंऽ’ करत पोदेर सायकलवरून गेला, टोपलीतल्या पावाचा वास पन्नास पावलं माझ्याबरोबर आला. इथे राहावं, असं त्या पन्नास पावलांत पक्कं वाटलं होतं.

दोना पावलाला वळेपर्यंत टीशर्ट पिळून निघत होता. यवतेश्वरला चढावर जे ठोके होते तेच इथे सपाटीवर, वेग किलोमीटरला अर्धा मिनिट कमी. मिरामारला २४ वर थांबले. चक्क थांबले, कठड्यावर बसले आणि मैत्रिणीला फोन करून गाडी मागवली. लाज वाटली. मग लक्षात आलं की जानेवारीत मुंबईत उन्हं वर आल्यावर हेच होणार आहे. त्या शर्यतीचा सराव साताऱ्याच्या थंडीत होत नाही, तो इथल्या घामातच होतो.

मैत्रिणीने नारळपाणी हातात ठेवत विचारलं, “वाईट महिना ना? कपाट उघडून बघ.” चामड्याच्या पर्सवर हिरवट बुरशी होती. डिसेंबरातही. “पावसात मी घरातच जिना चढते-उतरते. आणि भाड्याचं घर हवं असेल तर सीझनमध्ये मालक म्हणतात, पर्यटकाला दिवसाला देतो, तुला महिन्याला कशाला देऊ?”

नववा दिवस, सोमवार: परत

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. २०११ पासून काम चालू आहे, आणि आमच्या कमरेला ते काम कुठे कुठे बाकी आहे ते नीट ठाऊक झालं. रात्री घरी पोचलो.

जेवताना वही मध्ये ठेवली. पुणे मे, कोल्हापूर ऑगस्ट, गोवा जून ते सप्टेंबर, सातारा जुलै. ‘जुलै’वर नवरा बराच वेळ पेन टेकवून बसला. मग त्यानेच समर्थ मंदिराजवळच्या त्या घरमालकांना फोन लावला, स्पीकरवर.

“विकत नको, सध्या भाड्याने. चार महिने.”

“चालंल की. कधीपासून? मार्च?”

“जून ते सप्टेंबर.”

पलीकडे शांतता. मग आवाज आला, “पावसाळ्यात? अहो, घरात काही कार्यबिर्य आहे का? का कुणाची बदली झालीय?”

“नाही,” नवरा माझ्याकडे बघत म्हणाला, “हिला पळायचंय.”

“पावसात?” आणि फोन तोंडापासून बाजूला धरून ते आत कुणालातरी सांगू लागले. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पाठोपाठ आतून एका बाईचा आवाज आला, “त्यांना म्हणावं, कपडे वाळवायला दोरी आपण देऊ, पण हिटर त्यांचा त्यांनी आणायचा.”